कुंदामावशींचा अंगठा

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आईवर दोन पानं लिहून दे, असा कुंदामावशींच्या मुलीचा, गौरीचा मेसेज आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की मलाच का? अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावात कुंदामावशींना ओळखणारी पुष्कळ घरं आहेत. त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात वर्षानुवर्षं काम केलेले डॉक्टर आहेत. मी त्यांच्या घरापासून चार वळणांवर राहणारा एक आयटीवाला. गौरीला माझ्याकडून काहीतरी वदवून घ्यायचं असावं, असं वाटून गेलं. मग लक्षात आलं, हा संशय मूळचा माझा नाही. ती मावशींची सवय, मला लागलेली. त्यांनी हा मेसेज वाचला असता तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या असत्या, "तिला नेमकं काय पाहिजे ते आधी विचार नं."

मी विचारलं नाही. सरळ लिहायला बसलो आहे.

डॉ. कुंदा घाटे मूळच्या नागपूरच्या, पेशाने भूलतज्ज्ञ. पेशंटला भूल द्यायची आणि सर्जनचं काम होईपर्यंत त्याचा श्वास सांभाळायचा, हे त्यांनी मिनेसोटात उभी हयात केलं. रोज सकाळी भूल देण्याचं मशीन आदल्या माणसाने तपासलेलं असे, तसा कागदही लावलेला असे. मावशी तो कागद बाजूला करून सगळं पुन्हा स्वतः तपासत. रिटायर झाल्या, मशीन सुटलं, तपासणं सुटलं नाही. ते सायकलवर आलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शनिवारच्या सायकल ग्रुपमध्ये. ग्रुप म्हणजे पन्नाशीकडे झुकलेले आम्ही आठ-दहा जण, अंगावरची जॅकेटं भारी आणि चढ आला की सगळ्यांना एकदम फोटो काढायची हुक्की यायची. ट्रेलच्या पार्किंगमध्ये मी गाडीवरून सायकल उतरवत होतो. एक ठेंगणी बाई आली, कपाळावर टिकली, हेल्मेटच्या खाली बरोब्बर बसेल असा मानेवर अंबाडा. नमस्कार नाही, नाव नाही. वाकली आणि माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबून उभी राहिली, नाडी बघावी तशी.

"तपासलंस?"

"हो."

"कधी?"

"म्हणजे… घरी. निघताना."

"खोटं." त्यांनी हँडल धरून सायकल उचलली आणि पुढच्या चाकावर वरून एक चापट मारली. चाक तिरकं होऊन खाली लोंबलं. चाक घट्ट धरणारा आकडा मी लावलाच नव्हता. "उतारावर हे निघालं असतं तर तोंडावर पडला असतास. कुठला तू?"

"पुण्याचा. मंदार."

"तरीच," असं म्हणून त्या पुढच्या सायकलीकडे गेल्या.

तेव्हापासून दर शनिवारी हे व्हायचंच. "तपासलंस?" "हो." मग अंगठा. मी खरंच तपासलेलं असलं तरी अंगठा चुकत नसे. एकदा मी वैतागून म्हणालो, "मावशी, खरंच तपासलंय." त्या म्हणाल्या, "तू तपासलंस म्हणजे मी तपासलं नाही." मी ग्रुपमध्ये त्यांची नक्कल करायचो, आणि ती चांगली वठायची, हेही सांगून टाकतो.

संशय सायकलीपुरता नव्हता. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी श्रीखंड आणलं की मावशी वाटी हातात घेऊन चौकशी सुरू करत. "चक्का कधी टांगला?" "काल संध्याकाळी, मावशी." "कुठे?" "गराजमध्ये." "गराज किती गरम होतं?" ती बिचारी मुलगी नवऱ्याकडे बघायला लागायची. सगळं समाधान झालं की मावशी एक चमचा खाऊन म्हणायच्या, "चांगलं झालंय," आणि आणखी दोन वेळा वाढून घ्यायच्या. कुणी म्हणालं, "मावशी, तुम्ही या वयातही काय फिट आहात हो," की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "बोल. काय काम आहे?" आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा काम असायचंच.

त्यांची सायकल निळी, पोलादी, बारीक टायरची, जुनी रोड बाइक. तिचं सगळं घरीच व्हायचं. चेन धुणं, ब्रेकची वायर बदलणं, चाकाचा बाक काढणं. गराजच्या भिंतीवर पाने ऑपरेशन थिएटरातल्या हत्यारांसारखे ओळीने टांगलेले. निघण्यापूर्वी त्या मागचं चाक उचलून पेडल फिरवायच्या, डोळे मिटायच्या आणि कान लावायच्या. तेवढा वेळ आम्ही कुणी बोलायचं नाही.

"काय ऐकता मावशी?" मी एकदा विचारलं.

"भूल दिलेला माणूस स्वतःला काय होतंय ते सांगत नाही. आपल्यालाच ऐकावं लागतं."

मग त्यांचा गुडघा बदलला. गौरी जर्सी सिटीत, फायनान्समध्ये, एकुलती एक. आई सायकल सोडणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने एक इलेक्ट्रिक माउंटन बाइक पाठवली. टायर रुंद, म्हणजे घसरणार नाही. मोटर आहे, म्हणजे चढावर गुडघ्याला त्रास नाही. हिशोब चोख होता. दुकानवाला घरी घेऊन आला तेव्हा मावशींनी मला बोलावलं होतं. हात पाठीमागे बांधून त्या सायकलीभोवती एक फेरी फिरल्या. मागचं चाक उचलायला गेल्या, उचललं गेलं नाही.

"हिचं पोट कुठून उघडतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

दुकानवाला हसला. म्हणाला, उघडायचंच नाही. काही बिघडलं तर स्क्रीनवर एक नंबर येईल. मग आमच्याकडे आणा, लॅपटॉप लावून बघू.

मावशी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "म्हणजे पेशंट माझा आणि फाइल ह्यांच्याकडे."

सायकल चालू करायला फोनवरच्या ॲपमध्ये नोंदणी लागत होती. मावशींनी नंबर द्यायला साफ नकार दिला. "सायकलला माझा नंबर कशाला पाहिजे?" दुकानवाल्याला घाई होती. मी म्हटलं, तात्पुरता माझा घाला. असा त्या सायकलीचा ठिपका माझ्या फोनच्या नकाशावर आला. तात्पुरता.

त्या सायकलीवरून आमचे वाद फार रंगायचे. मी मुद्दाम डिवचायचो. "मावशी, तुमची निळी गेल्या सीझनला कितीदा पंक्चर झाली? गिअरची वायर तुटली ती वेगळीच."

"झाली नं. आणि दर वेळी मला कळलं. कुठे, कशाने, सगळं." त्या बोटाने चेन दाखवायच्या. "निळी जास्त वेळा बिघडते, मान्य. पण तिचं दुखणं दिसतं. ही कमी बिघडते आणि सांगत काहीच नाही. मी भरवसा कोणावर ठेवू?"

खरं तर तीही बिघडत होतीच. मोटरच्या जोराने चेन लवकर ताणली गेली. एवढं वजन थांबवायचं म्हणून ब्रेकचे पॅड भराभर झिजले. ही दोन्ही कामं मावशींनी हौसेने केली, कारण ती हाताने करता येत होती. थंडी पडायला लागल्यावर बॅटरी दम टाकायची, म्हणून त्या ती काढून स्वयंपाकघरात, जुन्या टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायच्या. "बाळंतीण आहे माझी," म्हणायच्या. पण एका पावसात स्क्रीनवर खरोखरच नंबर आला आणि मोटर मेली. दुकानाने सायकल ठेवून घेतली आणि परत दिली.

"काय झालं होतं?"

"अपडेट केलं. आता ठीक आहे."

"मी एखाद्या नातेवाइकाला थिएटरच्या बाहेर येऊन असं सांगितलं असतं, तर माझं लायसन्स गेलं असतं," मावशी घरी येताना गाडीत म्हणाल्या. मी हसलो.

आता माझ्यावर येतो. जितकं कमी येता येईल तितकं.

इथे आपल्यात एक पद्धत आहे. मुलं लांब कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या शहरात, आई किंवा वडील इकडे एकटे. मग जवळ राहणारा कुणीतरी दादा नेमला जातो. "दादा, जरा आईकडे बघशील ना? दोन-तीन दिवसांतून एकदा डोकावलं तरी चालेल." नाही म्हणायची सोय नसते. आणि खरं तर बरंही वाटतं, आपल्याला कुणी भरवशाचं समजलं म्हणून. सुरुवातीला मी जायचो. मावशी चहा द्यायच्या, कपाचा कान माझ्याकडे करून. मी परत येऊन गौरीला लिहायचो, "मावशी मजेत."

एका संध्याकाळी जायचं होतं आणि मीटिंग लांबली. मी सहज ॲप उघडलं. ठिपका दुपारी तळ्याला वळसा घालून घरी आला होता. म्हणजे मावशी ठीक होत्या. मी लिहिलं, "मावशी मजेत. तळ्यावर जाऊन आल्या." ते खोटं नव्हतं. गौरीकडून उत्तरात लाल बदामाचं चित्र आलं. पुढच्या वेळी मीटिंग नव्हती, तरी मी ॲपच उघडलं. मग गौरीने एकदा विचारलं, "भेटलास का?" आणि मी लिहिलं, "हो."

तेवढ्या एका अक्षरावर सगळा हेमंत गेला. मावशींच्या दारावरून मी रोज गाडीने जायचो, आणि आत जात नव्हतो.

आई आणि मुलगी रोज फोनवर बोलत. गौरी म्हणायची, "आज तळ्यावर गेली होतीस ना? दादा म्हणाला." मावशी म्हणायच्या, "तो केव्हा भेटला मला? तो तर येतच नाही." गौरी विषय बदलायची. असं अनेकदा झालं, हे मला नंतर कळलं. पुढे मावशींनी तिला सांगितलं, की ही सायकल माझ्यावर नजर ठेवते, तिला कुणीतरी विचारतं आणि ती सांगते. गौरीने मला फोन केला. आवाज बारीक होता.

"दादा, खरं सांग. आई म्हणते तू येतच नाहीस. आणि सायकलबद्दल काहीतरी भलतंच बोलते. ती विसरायला लागलीय का रे?"

मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. तुझी आई बरोबर आहे, मी जात नाही, मी फोनवर ठिपका बघतो. ते वाक्य मी आतल्या आत म्हणूनही पाहिलं. आणि मग म्हणालो, "वय झालंय गं त्यांचं."

मी तिच्या आईला विसरभोळी म्हटलं नाही. मी फक्त वय म्हणालो. इतकी वर्षं कुठल्या शब्दाने आपण पकडले जात नाही हे शिकलो, ते असं कामाला आलं.

गौरीने जर्सीत स्वतःच्या घराजवळ वृद्धांच्या वसाहतीत जागा बघायला सुरुवात केली. मावशींचं घर विकायचं ठरू लागलं. मला शिल्पाकडून, म्हणजे बायकोकडून, कळलं. ती म्हणाली, "मावशी गराजमधले पाने कुठे ठेवतील रे तिथे?" मी म्हटलं, "बघतील काहीतरी." आणि त्या संध्याकाळी पुन्हा ॲप उघडलं.

नोव्हेंबरातली, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. अजून बर्फ नव्हता. माझा दिवस कामात गेला. संध्याकाळी नकाशा पाहिला. ठिपका दुपारी तळ्याच्या पलीकडच्या पार्किंगला जाऊन, तिथे बराच वेळ थांबून परत आला होता. मी गौरीला लिहिलं, "आज मावशींची मोठी राइड झाली. वाटेत भेटलो. एकदम मजेत."

फोन लगेच वाजला. गौरीचाच.

"दादा, मी स्पीकरवर आहे," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "आई काहीतरी विचारतेय."

"मावशी तिकडे… म्हणजे तू…"

"काल संध्याकाळी आलेय मी इकडे."

मग मावशींचा आवाज. मागे मेथीची काडी मोडल्याचा आवाज येत होता. त्या निवडत होत्या.

"काय रे मंदार, आज मी कशी दिसत होते?"

मी घाईने पुन्हा नकाशा उघडला.

"जॅकेट कोणतं होतं माझं? लाल का ते पांढरं?" आणखी एक काडी मोडून, "मी सकाळपासून हिच्यासमोर या टेबलावर बसून आहे बाप्पा. सायकल डेलने नेली होती त्याच्या पिकअपमध्ये टाकून. मी म्हटलं, हिला जरा हवा खाऊ दे."

डेल म्हणजे शेजारचा गोरा म्हातारा. त्याने तळ्याकाठी बसून सँडविच खाल्लं होतं, आणि मी त्याला भेटून आलो होतो.

घर विकलं गेलं नाही. ते मावशींनी वाचवलं, मी नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. गौरीने दार उघडलं आणि गराजकडे बोट केलं. मावशी खाली स्टुलावर बसून निळीची चेन पुसत होत्या. इलेक्ट्रिक सायकल भिंतीला टेकवलेली, तोंड तिकडे करून, शिक्षा केल्यासारखी.

"बस," त्या म्हणाल्या. बसायला काही नव्हतं.

"मावशी, सॉरी. मी—"

"तुझं नाव यादीत शेवटी आलं." त्या चेनकडेच बघत होत्या. "पहिलं माझं होतं. गौरी म्हणते तू भेटलास, मला आठवत नाही. मग पहिला संशय कोणावर घ्यायचा? स्वतःवर. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून औषधांचे डोस म्हणायची. एवढं वजन, एवढं औषध. लहान मुलाला किती, म्हाताऱ्याला किती. एकही चुकला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्री झोपताना भीती वाटायची, उद्या चुकला तर." त्यांनी फडकं उलटं केलं. "मग उरलात तुम्ही दोघं. तू आणि ही मोटरवाली."

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा फोन मागितला, ॲपमधून स्वतःची सायकल स्वतः काढून टाकली, चष्मा वर-खाली करत, मला मदत करू न देता. फोन परत दिला. "जा आता. शिल्पा वाट बघत असेल."

वसंतात त्या ग्रुपमध्ये परत आल्या, निळीवर. इलेक्ट्रिक सायकल डेलला देऊन टाकली होती. निळीच्या मागच्या दात्यांची चकती काढून त्यांनी मोठी बसवली, गुडघ्याला चढ हलका जावा म्हणून. काम घरीच केलं. पार्किंगमध्ये त्या सगळ्यांच्या सायकलींपाशी गेल्या, अंगठा लावला, "तपासलंस?" विचारलं. माझ्या सायकलीपाशी आल्या आणि न थांबता पुढे गेल्या.

कुणाच्या लक्षातही आलं नसेल. सगळा उन्हाळा तसाच गेला. बोलायच्या, मुलांची चौकशी करायच्या, पॉटलकला माझ्या ताटात वाढायच्यासुद्धा. फक्त माझ्या टायरला अंगठा लावत नव्हत्या. ज्याची मी नक्कल करायचो ते सहा महिने मिळालं नाही, तेव्हा ते काय होतं हे मला समजलं. संशय त्या सगळ्यांवर घ्यायच्या. तपासायच्या मात्र जो पडला तर चालणार नाही त्यालाच.

मी घरी निघताना खरंच सगळं तपासायला लागलो. आकडा, ब्रेक, चेन. कुणी विचारणार नव्हतं तरी.

सीझनची शेवटची राइड. पार्किंगमध्ये पानांचा खच. मला उशीर झाला होता आणि त्या दिवशी नेमकं मी काहीच पाहिलं नव्हतं, सायकल तशीच गाडीवर टाकून आणली होती. बाकीचे निघाले. मावशी निळीचं मागचं चाक उचलून कान लावून उभ्या होत्या. मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो. त्यांनी चाक खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"तपासलंस?"

इतक्या वर्षांचं "हो" माझ्या तोंडात तयार होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली. "आणखी?"

ज्यांना आणखी काय म्हणून विचारलं जात नाही, ते सुटतात. मला विचारलं होतं. "गौरीने तेव्हा विचारलं होतं, आई विसरतेय का. मी म्हणालो, वय झालंय तुमचं."

गौरीने हे त्यांना आधीच सांगितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या चेहऱ्यावरून कधीच काही कळायचं नाही. आयुष्यभर घाबरलेल्या माणसांकडे वरून बघत, सगळं ठीक आहे असं म्हणणारा चेहरा तो.

"झालंच आहे नं वय," त्या म्हणाल्या. "पण विसरत नाही मी काही."

मग निळी झाडाला टेकवली, बदललेल्या गुडघ्यावर हात देऊन हळूहळू वाकल्या आणि माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. बराच वेळ.

"हवा कमी आहे. पंप आण."

मी भरत होतो तोवर त्या बाजूला उभ्या राहिल्या. भरून झाल्यावर पुन्हा दाबून पाहिलं, आकडा हलवून पाहिला. चाकावर वरून एक चापट मारली. चाक जागचं हललं नाही. त्या निळीवर बसल्या आणि निघाल्या. हेल्मेटखालचा अंबाडा, लाल जॅकेट, ओल्या पानांवरून जाणारे बारीक टायर. वळणाच्या आधी त्यांनी पेडल मारायचं थांबवलं. सायकल नुसती उतारावर सोडली आणि मान किंचित खाली केली, मागच्या चाकाची टिकटिक ऐकायला.

जानेवारीत झोपेतच गेल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेवढंच, वळणापर्यंत.